फॅसिटचे मालक आणि ओत्विदाबेर्गचे अकरा जण : गुन्नार एरिकसन

दशमान (धागाकर्ता)

१९७४ साली पश्चिम जर्मनीत झालेल्या फुटबॉल विश्वचषकात स्वीडनने सहा सामन्यांत मिळून सात गोल केले. त्यांपैकी चार राल्फ एडस्ट्रमचे, दोन रोलंड सांडबेर्गचे आणि एक कॉनी टॉर्स्टेन्सनचा. चौथ्या खेळाडूचे नाव त्या यादीत नाही. गंमत अशी, की त्याच्या वर्षभर आधीपर्यंत हे तिघेही एकाच क्लबचे खेळाडू होते आणि तो क्लब स्टॉकहोम, गोथेनबर्ग किंवा माल्मो यांपैकी कुठल्याही मोठ्या शहराचा नव्हता. दक्षिण स्वीडनमधील ओस्टरयोटलंड प्रांतात ओत्विदाबेर्ग नावाचे जेमतेम सात हजार वस्तीचे एक कारखान्याचे गाव आहे, त्या गावाचा तो क्लब. त्या वेळी स्वीडिश फुटबॉल संघटनेच्या अध्यक्षपदावर जे गृहस्थ होते तेही याच गावचे. गुन्नार एरिकसन (१९१९–२०१३) हे त्यांचे नाव. फॅसिट या गणकयंत्रांच्या कंपनीचे प्रमुख, काही काळ स्वीडिश संसदेचे सदस्य आणि १९६५ ते १९९६ अशी एकतीस वर्षे आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीचे सदस्य, असा त्यांचा परिचय थोडक्यात देता येतो.

मात्र एवढ्या परिचयाने काहीच कळत नाही, कारण त्यांच्या आयुष्यातील खरी विलक्षण गोष्ट पदांच्या यादीत दिसत नाही. ज्या दोन-तीन वर्षांत त्यांची कंपनी बुडाली, नेमक्या त्याच दोन-तीन वर्षांत त्यांच्या गावचा संघ स्वीडनचा विजेता झाला. या एका योगायोगाभोवती त्यांचे चरित्र मांडावे, अशा हेतूने हा धागा काढत आहे.

सुरुवात वडिलांपासून करावी लागेल. ओत्विदाबेर्ग हे मुळात तांब्याचे गाव. तिथे मध्ययुगापासून तांबे काढले जात होते आणि विसाव्या शतकाच्या आरंभी ते संपले. गावचे जमीनदार बॅरन थेओडोर आडेल्सव्हेर्ड यांनी १९०६ मध्ये निरनिराळे छोटे उद्योग एकत्र करून एक कंपनी स्थापन केली, तिचा मुख्य माल म्हणजे लाकडी व कार्यालयीन फर्निचर. हे बॅरनसाहेब १९११ ते १९१४ या काळात देशाचे अर्थमंत्रीही होते. देशाची तिजोरी त्यांनी सांभाळली, गावची कंपनी मात्र पहिल्या महायुद्धानंतरच्या मंदीत कोलमडली. १९२२ मध्ये ती सावरण्यासाठी एलोफ एरिकसन यांना आणण्यात आले. हेच गुन्नार यांचे वडील.

त्याच वर्षी ओत्विदाबेर्गच्या पदरात आणखी एक बुडीत धंदा पडला. स्टॉकहोममधील एक छोटी कंपनी ‘फॅसिट’ नावाचे गणकयंत्र बनवत असे, तिचेही दिवाळे वाजले होते. स्वीडिश भाषेत गणिताच्या पुस्तकाच्या शेवटी दिलेल्या उत्तरांना ‘फासित’ म्हणतात, त्यावरून यंत्राला हे नाव मिळाले. आपल्याकडे त्याचा उच्चार ‘फॅसिट’ असाच रूढ असल्याने मीही तोच ठेवतो. १९३२ मध्ये कार्ल रुडिन या अभियंत्याने या यंत्राला दहाच कळांची नवी रचना दिली आणि तिथून पुढे चाळीस वर्षे या गावाने जगाला आकडेमोड पुरवली. हाल्डा या टाइपरायटरची कंपनी १९३८ मध्ये, ओडनर ही गणकयंत्रांची प्रतिस्पर्धी कंपनी १९४२ मध्ये आणि अड्डो ही तिसरी कंपनी १९६६ मध्ये त्यांनी ताब्यात घेतली. १९५७ मध्ये एलोफ यांच्या जागी गुन्नार आले. १९७० च्या सुमारास कंपनीच्या पटावर सुमारे चौदा हजार माणसे होती आणि तिचा माल शंभराहून अधिक देशांत विकला जात होता.

फुटबॉल हे या सगळ्याच्या जोडीने चालले होते. क्लब १९०७ चा, म्हणजे कंपनीपेक्षा एका वर्षाने धाकटा. मैदानाचे नाव ‘कोप्परवॅलेन’, म्हणजे तांब्याचे मैदान. एलोफ यांना खेळाचे वेड होते आणि मुलाने ते वारशाने घेतले. स्वीडनमध्ये १९६७ पर्यंत हौशीपणाचा नियम लागू होता, खेळाडूला खेळण्याबद्दल पैसे देता येत नसत. अशा देशात ज्या क्लबच्या पाठीशी चांगली नोकरी देऊ शकणारा कारखाना असेल, त्याला काय लाभ होत असेल हे निराळे सांगायला नको. खेळाडू सकाळी कारखान्यात किंवा कचेरीत आणि दुपारनंतर मैदानावर, अशी ती व्यवस्था होती.

भागधारक

लेख आवडला, परंतु आरंभीच एक प्रश्न उपस्थित करावासा वाटतो. आपण या गृहस्थांकडे फार सहानुभूतीने पाहत आहात का? माझ्या माहितीप्रमाणे फॅसिटची कथा व्यवस्थापनाच्या अभ्यासक्रमांत अपयशाचा धडा म्हणून शिकवली जाते. चौदा हजार माणसांची कंपनी दोन-तीन वर्षांत विकावी लागते, तेव्हा मालकाच्या फुटबॉलप्रेमाचे कौतुक कितपत करावे?

दशमान

आपला प्रश्न रास्त आहे आणि मी तो टाळणार नाही. फॅसिटचे अपयश खरेच होते आणि प्रमुख या नात्याने त्याची जबाबदारी एरिकसन यांच्याकडेच जाते. तथापि ‘त्यांना इलेक्ट्रॉनिक युग येत आहे हे कळलेच नाही’ हे जे सरसकट सांगितले जाते, ते वस्तुस्थितीला धरून नाही.

स्वीडनचा ‘बेस्क’ हा पहिल्या काळातला संगणक ज्यांनी बांधला, त्यांच्यापैकी बरीच मंडळी फॅसिटने १९५६ मध्येच आपल्याकडे घेतली आणि ‘फॅसिट ईडीबी’ नावाचा स्वतःचा संगणकही तयार केला. पुढे साठच्या दशकात जपानच्या हायाकावा कंपनीशी, म्हणजे आज जिला आपण शार्प म्हणून ओळखतो तिच्याशी, करार करून तिचे इलेक्ट्रॉनिक कॅल्क्युलेटर फॅसिटच्या नावाने विकले. तेव्हा शत्रू कोण आहे हे त्यांना माहीत होते, इतकेच नव्हे तर शत्रूचा माल त्यांच्याच दुकानात मांडलेला होता.

अडचण वेगळ्या ठिकाणी होती. कंपनीचे सगळे भांडवल, कारखाने आणि मुख्य म्हणजे कारागिरांचे कसब दातेरी चाकांत गुंतलेले होते. यांत्रिक गणकयंत्रात शेकडो बारीक सुटे भाग असतात. ते कापणे, घासणे, जुळवणे आणि शेवटी हाताने नीट बसवणे यात पिढ्यान्पिढ्यांची विद्या साठलेली होती. इलेक्ट्रॉनिक यंत्रात ती विद्या कवडीमोल ठरते. व्यवस्थापनाचा अंदाज असा होता, की ग्राहक हळूहळू नव्या यंत्रांकडे वळतील आणि तोवर जुन्या यंत्रांवर कारखाने चालवता येतील. ग्राहक हळूहळू वळले नाहीत. १९७०-७१ मध्ये किमती इतक्या झपाट्याने कोसळल्या, की साठलेला माल कोणी घेईना. त्या संकटातच एरिकसन यांना प्रमुखपदावरून दूर व्हावे लागले आणि १९७२ मध्ये हान्स वेर्तेन यांच्या नेतृत्वाखालील, घरगुती उपकरणे बनवणाऱ्या इलेक्ट्रोलक्सने कंपनी विकत घेतली.

आपण ज्या अभ्यासक्रमांचा उल्लेख केलात, त्यांत एक तपशील हमखास येतो आणि मला तो सर्वांत बोचरा वाटतो. नव्या मालकांना असे आढळले, की कंपनीच्या टाइपरायटरना आणि कार्यालयीन फर्निचरला चांगली मागणी होती, पण सगळे लक्ष गणकयंत्रे वाचवण्यात गुंतल्यामुळे तिकडे दुर्लक्ष झाले होते. म्हणजे घरात धान्य होते, पण कोठाराची किल्ली कुठे ठेवली याचा विसर पडला होता.

संख्यानंद

या चर्चेत भर घालण्याचा मोह आवरत नाही, कारण पुण्याच्या एका महाविद्यालयात संख्याशास्त्राची पदवी घेताना माझ्या दोन्ही हातांना फॅसिटची सवय झालेली होती. आमच्या प्रात्यक्षिकाच्या खोलीत लांब टेबलांवर ही यंत्रे एका रांगेत मांडलेली असत आणि तास सुरू झाला, की वीस हँडल एकदम फिरल्याचा जो खडखडाट होई तो व्हरांड्याच्या टोकापर्यंत ऐकू जाई.

ज्यांनी हे यंत्र पाहिलेले नाही त्यांच्यासाठी थोडे विस्ताराने सांगतो. समजा ३४७ ला २६ ने गुणायचे आहे. प्रथम कळा दाबून ३४७ हा आकडा यंत्रात बसवायचा. मग उजव्या बाजूचे हँडल पुढच्या दिशेने सहा वेळा फिरवायचे, की खालच्या खिडकीत २०८२ येतात. आता सरकवण्याची कळ दाबून एक घर डावीकडे जायचे आणि हँडल आणखी दोनदा फिरवायचे. खिडकीत ९०२२ उमटतात आणि फेऱ्या मोजणाऱ्या दुसऱ्या खिडकीत २६ दिसतात, म्हणजे आपण कशाने गुणले याचा पुरावाही समोर राहतो. भागाकार करताना हँडल उलटे फिरवायचे. वजाबाकी प्रमाणाबाहेर गेली की आतली घंटा ‘टिंग’ करून वाजते, मग एक फेरी सरळ फिरवून चूक सुधारायची आणि पुढच्या घरात जायचे. परीक्षेच्या दिवशी शेजारच्याच्या घंटेवरून त्याचा भागाकार कुठवर आला आहे, याचा अंदाज आम्ही बांधत असू.

प्रमाण विचलन काढताना वर्गांची बेरीज करावी लागते. या यंत्रावर वर्ग करत जायचे आणि खालची खिडकी पुसायचीच नाही, की बेरीज आपोआप साठत जाते. ही युक्ती आम्हाला प्रयोगशाळेतील साहाय्यकाने दाखवली होती, प्राध्यापकांनी नव्हे. पुढे खिशात मावणारा कॅल्क्युलेटर आला आणि हँडल फिरवण्याचे कष्ट संपले, परंतु भागाकार म्हणजे पुन:पुन्हा केलेली वजाबाकी हे मला हाताने कळले ते याच यंत्रावर.

आपल्या लेखातून मला प्रथमच समजले, की या यंत्रामागे एक फुटबॉलचा संघही होता.

कार्बनकॉपी

गणकयंत्राप्रमाणेच टाइपरायटरचाही उल्लेख झाला पाहिजे. आमच्या तालुक्याच्या गावी टंकलेखनाच्या संस्थेत रेमिंग्टन, गोदरेज, हाल्डा आणि फॅसिट अशा चारही घराण्यांची यंत्रे होती आणि शासकीय टंकलेखन परीक्षेच्या आधी कोणाला कोणते यंत्र मिळते यावर मुलामुलींत चुरस असे. फॅसिटची भारतातील कंपनी मद्रासजवळ होती आणि तिथे बनलेली यंत्रे सरकारी कचेऱ्यांतून सर्रास दिसत. हाल्डाही मुळात याच कुटुंबातली हे मात्र मला आज कळले. आम्ही या दोघांना प्रतिस्पर्धी समजून हाल्डाची कळ जड की फॅसिटची, यावर तासन्‌तास वाद घातलेला आहे.

धागाकर्त्यांनी त्या सामन्यांबद्दल अधिक लिहावे, ही विनंती. लेखात त्यांचा नुसता उल्लेख करून आपण पुढे निघून गेलात.

दशमान

संख्यानंद आणि कार्बनकॉपी, आपल्या दोघांचेही आभार. संख्यानंद यांच्या ‘हाताने कळले’ या शब्दांत फॅसिटच्या कारागिरांचे दुःखही आले आहे, असे मला वाटते. त्यांचेही सगळे ज्ञान हातात होते.

आता सामन्यांकडे वळतो. ओत्विदाबेर्गने १९७० आणि १९७१ मध्ये स्वीडिश करंडक जिंकला, त्यामुळे त्यांना युरोपातील करंडक विजेत्यांच्या स्पर्धेत प्रवेश मिळाला. १९७१ च्या शरद ऋतूत त्यांची गाठ लंडनच्या चेल्सीशी पडली. चेल्सी हे त्या स्पर्धेचे गतविजेते होते आणि आदल्याच फेरीत त्यांनी लक्झेंबर्गच्या एका संघाला दोन सामन्यांत मिळून २१–० असे धुऊन काढले होते. कोप्परवॅलेनवरचा पहिला सामना गोलशून्य बरोबरीत सुटला. परतीचा सामना स्टॅमफर्ड ब्रिजवर झाला. ॲलन हडसनने चेल्सीला आघाडी मिळवून दिली, पाठोपाठ त्यांना पेनल्टीही मिळाली. ती जॉन हॉलिन्सने दवडली आणि नंतर सांडबेर्गने बरोबरीचा गोल केला. एकूण गोल समान झाल्यावर परक्या मैदानावर केलेला गोल मोलाचा, या नियमाने सात हजार वस्तीच्या गावाने गतविजेत्यांना घरी बसवले. पुढच्या फेरीत पूर्व बर्लिनच्या डायनॅमोने त्यांना रोखले.

तारखा जुळवून पाहा. चेल्सीवरचा हा विजय नोव्हेंबर १९७१ मधला आहे, म्हणजे कारखान्यात माणसे कमी करण्याची भाषा सुरू झाली होती तेव्हाचा. १९७२ मध्ये संघाने आल्स्वेन्स्कान ही स्वीडनची सर्वोच्च साखळी स्पर्धा प्रथमच जिंकली. त्या हंगामात एडस्ट्रम आणि सांडबेर्ग या दोघांनी प्रत्येकी सोळा गोल करून सर्वाधिक गोलांचा मान वाटून घेतला. कंपनी इलेक्ट्रोलक्सच्या हाती गेली तेही याच वर्षी. १९७३ मध्ये त्यांनी विजेतेपद राखले आणि युरोपियन करंडकाच्या, म्हणजे देशोदेशीच्या साखळी विजेत्यांच्या स्पर्धेच्या, पहिल्याच फेरीत त्यांच्यासमोर बायर्न म्युनिक उभा ठाकला. बेकनबाउअर, म्युलर, मायर आणि हेनेस या मंडळींचा तो संघ. म्युनिकमध्ये बायर्नने ३–१ असा विजय मिळवला. कोप्परवॅलेनवर ओत्विदाबेर्गनेही नेमके ३–१ असेच जिंकून हिशेब बरोबरीत आणला, त्यातले दोन गोल टॉर्स्टेन्सनचे. अखेर पेनल्टींवर बायर्न ४–३ असा निसटला. बायर्नने हा धक्का आपल्या पद्धतीने पचवला. त्याच हंगामात त्यांनी टॉर्स्टेन्सनलाच आपल्याकडे ओढून घेतले आणि मे १९७४ मध्ये ब्रसेल्सला ॲटलेटिको माद्रिदला ४–० हरवून बायर्नने युरोपियन करंडक प्रथमच जिंकला, तेव्हा हा ओत्विदाबेर्गचा गडी त्यांच्या संघात होता. एडस्ट्रम हॉलंडच्या पीएसव्ही आयन्डहोव्हनकडे आणि सांडबेर्ग जर्मनीच्या कायझर्सलाउटर्नकडे १९७३ मध्येच गेले.

यानंतर विश्वचषक आला, त्याचे सात गोल आरंभीच सांगितले आहेत. त्यांपैकी एका सामन्याचा उल्लेख करतो. ड्युसेलडॉर्फला यजमान पश्चिम जर्मनीविरुद्ध स्वीडन ४–२ असा हरला, परंतु पहिला गोल एडस्ट्रमने केला होता आणि उत्तरार्धात २–२ अशी बरोबरी सांडबेर्गने साधली होती. पुढे विश्वविजेता ठरलेल्या संघाला ओत्विदाबेर्गच्या दोघांनी घाम फोडला होता. स्वीडनला त्या स्पर्धेत पाचवे स्थान मिळाले. प्रशिक्षक गेओर्ग एरिकसन, संघटनेचे अध्यक्ष गुन्नार एरिकसन, आणि या दोघांचे एकमेकांशी काहीही नाते नाही. स्वीडनमध्ये हे आडनाव आपल्याकडच्या पाटलांइतके सर्वत्र आढळते. घोळ वाढवण्यासाठी १९८३ मध्ये इलेक्ट्रोलक्सकडून फॅसिट ज्या दूरध्वनी कंपनीने विकत घेतली, तिचेही नाव एरिकसनच आहे आणि तिचाही या कुटुंबाशी संबंध नाही.

उत्तरवारा

मी गेली काही वर्षे लिन्शोपिंगमध्ये नोकरीनिमित्त राहतो. ओत्विदाबेर्ग इथून आग्नेयेला सुमारे पस्तीस किलोमीटरवर आहे आणि व्हेस्टरविकला जाणारी लहान रेल्वे तिथे थांबते. मागच्या उन्हाळ्यात एका शनिवारी मुलाला घेऊन गेलो होतो. गाडीतून उतरल्यावर पायीच सगळे गाव पाहून होते. फॅसिटच्या यंत्रांचे संग्रहालय आहे, तिथे हँडलची यंत्रे, टाइपरायटर आणि कंपनीची ती शंकूसारखी उंच टोपी घातलेल्या जादूगाराची जाहिरातीतली आकृती पाहायला मिळते. मुलाने एका यंत्राचे हँडल फिरवून पाहिले आणि ‘याचा स्क्रीन कुठे आहे?’ असे विचारले.

कोप्परवॅलेनही पाहिले. झाडांच्या कुशीतले, घरांना लागून असलेले ते मैदान आहे. चेल्सी आणि बायर्न इथे येऊन खेळले यावर विश्वास ठेवायला थोडा वेळ लागतो. क्लब नंतर सर्वोच्च साखळीतून खाली गेला आणि दीर्घ काळानंतर २०१० मध्ये पुन्हा तिथे पोहोचला, पण टिकला नाही.

माझी शंका वेगळी आहे. लेखात एरिकसन यांच्या राजकारणाला जेमतेम अर्धे वाक्य मिळाले आहे. तो भाग इतका किरकोळ होता का?

दशमान

उत्तरवारा, प्रत्यक्ष पाहून लिहिलेल्या या वर्णनाने धाग्याची मोठी उणीव भरून निघाली.

राजकारणाबद्दल आपला आक्षेप मान्य आहे. संसदेतील त्यांची कारकीर्द त्यांच्या इतर कामांच्या तुलनेत लहान होती, म्हणून मी ती थोडक्यात सांगितली. ते बिगरसमाजवादी बाजूचे होते, आणि १९३२ पासून १९७६ पर्यंत स्वीडनवर जवळजवळ अखंड सोशल डेमोक्रॅट पक्षाचे राज्य होते हे लक्षात घेतले, की संसदेत त्यांच्या वाट्याला विरोधी बाक का आले हे कळते.

पण माझ्या मते त्यांचे खरे राजकारण संसदेच्या बाहेर होते आणि ते समजून घ्यायचे तर स्वीडिश भाषेतील ‘ब्रुक’ हा शब्द समजावा लागतो. ब्रुक म्हणजे एका कारखान्याभोवती वाढलेले गाव. तिथे नोकरी, घर, दवाखाना, क्रीडांगण, सभागृह या सगळ्यांच्या मागे एकच मालक उभा असतो. मालकाने गावाचे पाहायचे आणि गावाने मालकाचे ऐकायचे, असा तो अलिखित व्यवहार असतो. एलोफ एरिकसन हे अशा मालकांचे ठळक उदाहरण होते. गुन्नार यांच्या हाती हा व्यवहार आला तोपर्यंत कामगार संघटना बलवान झाल्या होत्या आणि दवाखाने, शाळा, घरे यांची जबाबदारी शासनाने उचलली होती. मालकाने गावासाठी स्वतः करावे असे जे काही उरले होते, त्यात फुटबॉल हे सर्वांत मोठे होते. म्हणून त्यांच्या फुटबॉलला मी छंद म्हणणार नाही. ते त्यांच्या गावाशी असलेल्या नात्याचेच शेवटचे रूप होते.

भागधारक

ही मांडणी विचार करण्याजोगी आहे, तरी माझी शंका पूर्णपणे फिटलेली नाही. जो मालक खेळाडूंना नोकऱ्या देतो, त्याच्याकडे संघ उत्तम होतो हे खरे. परंतु तो मालक देशाच्या फुटबॉल संघटनेचा अध्यक्ष होतो, आणि त्याच काळात त्याचाच क्लब लागोपाठ दोनदा विजेता ठरतो, तेव्हा इतर क्लबांना काय वाटले असेल? हितसंबंधांचा प्रश्न कोणीच विचारला नसेल का?

दशमान

प्रश्न योग्य आहे. ते १९७० ते १९७५ या काळात अध्यक्ष होते आणि क्लबची सगळी मोठी यशे याच कालखंडातली आहेत, हे नाकारता येत नाही. पण दोन गोष्टी नोंदवतो. एक म्हणजे हौशीपणाचा नियम १९६७ मध्येच रद्द झाला होता, त्यामुळे नोकरीच्या आडून खेळाडू बांधून ठेवण्याचा जो फायदा कारखान्याच्या क्लबांना होता, तो त्यांच्या अध्यक्षपदाच्या आधीच कमी होऊ लागला होता. खेळाडूला उघडपणे पैसे देण्याची मुभा मिळाल्यावर छोट्या गावाच्या क्लबाचे नुकसानच अधिक होते. दुसरी गोष्ट अशी, की एडस्ट्रम, सांडबेर्ग आणि टॉर्स्टेन्सन तिघेही १९७३ मध्ये परदेशी निघून गेले आणि संघटनेच्या अध्यक्षांच्या क्लबला ते राखता आले नाहीत. पाठीशी फॅसिट उरली नव्हती. अध्यक्षपदाचा लाभ उठवून क्लब चालवायचा असता, तर हे चित्र निराळे दिसले असते.

संख्यानंद

आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीतील त्यांच्या कामाबद्दल कोणी काही सांगू शकेल का? एकतीस वर्षे म्हणजे थोडा काळ नव्हे.

दशमान

तो काळ खरोखर मोठा आहे. समितीचे तेव्हाचे अध्यक्ष एव्हरी ब्रंडेज यांच्या कडक हौशीपणाच्या जमान्यात ते समितीवर गेले आणि नंतरचे अध्यक्ष हुआन अंतोनियो समारांच यांच्या कारकिर्दीत, म्हणजे ऑलिंपिक हा अब्जावधींचा व्यवहार झाल्यावर, बाहेर पडले. स्वीडनमध्ये हौशीपणाचा नियम प्रत्यक्षात कसा पाळला जातो हे कारखान्याच्या मालकाच्या खुर्चीतून पाहिलेल्या माणसाला या बदलाचे फारसे आश्चर्य वाटले नसावे, असा माझा तर्क आहे.

त्यांच्या नावाची जगभर चर्चा झाली ती १९९३ मध्ये. २००० च्या ऑलिंपिकसाठी इच्छुक असलेल्या शहरांची पाहणी करणाऱ्या पथकाचे ते प्रमुख होते. त्या मार्चमध्ये ते बीजिंगला गेले तेव्हा पाहुण्यांच्या नजरेला काही खुपू नये म्हणून शहर घासूनपुसून लख्ख करण्यात आले होते. सप्टेंबरमध्ये माँटे कार्लोला झालेल्या मतदानात सिडनीने बीजिंगवर ४५ विरुद्ध ४३ अशा अवघ्या दोन मतांनी मात केली. सत्तरी ओलांडलेले, कंपनी गमावून वीस वर्षे उलटलेले हे गृहस्थ जगातल्या मोठमोठ्या शहरांचे महापौर आपापली मैदाने दाखवत असताना शांतपणे टिपणे घेत फिरत होते. कोप्परवॅलेन त्यांपैकी कुठल्याही मैदानाच्या एका कोपऱ्यात मावले असते.

कार्बनकॉपी

एक छोटी भर. हा धागा वाचून काल संध्याकाळी माळ्यावरचे जुने फॅसिट खाली काढले. हे आमच्या संस्थेचे दुकान बंद झाले तेव्हा भंगाराच्या भावात घरी आणलेले यंत्र. फीत वाळून गेली आहे आणि ‘ळ’ची कळ अडकते, ती पूर्वीही अडकायचीच. बाकी सगळी अक्षरे अजून उमटतात. नवी फीत कुठे मिळते हे कोणाला माहीत असल्यास कृपया कळवावे.

संख्यानंद

पुण्यात अप्पा बळवंत चौकाच्या परिसरात स्टेशनरीच्या जुन्या दुकानांत विचारून पाहा. तिथे नाही मिळाली, तर फीत संपूर्ण बदलू नका. मूळची चकती जपून ठेवा आणि इतर बनावटीची, त्याच रुंदीची फीत तिच्यावर हाताने गुंडाळा. आमचे प्रयोगशाळा साहाय्यक असेच करत असत.